खांद्यावर पाय

हडर्सफील्डच्या जुन्या लोकरगिरणीत
आता आमची जिम आहे.
माग खडखडायचे तिथं रबराच्या चटया,
तुळयांना लोंबणारे दोर,
आणि कॅलमने खडूने भिंतीवर लिहिलंय:
रविवारपर्यंत ठरवा.

ठरवायचं काय,
तर धापा कुठं जाऊन टाकायच्या.

एक शर्यत मँचेस्टरला, प्रदर्शनाच्या हॉलमध्ये.
वर पाऊस नाही, खाली चढ नाही.
किलोमीटर पळा, वजनाची गाडी ढकला,
किलोमीटर पळा, दोर ओढा,
असं आठ वेळा.
घोट्याला बांधलेली चिप सेकंदासेकंदाचा हिशेब ठेवते
आणि रात्रीच्या जेवणाआधी कळतं
पन्नाशीच्या बायकांत आपण कितव्या.

मला हीच आवडायला हवी होती.
एकोणीस वर्षं एक्सरे विभागात
दुसरं काय करतेय मी?
पलंगासकट माणूस ढकलायचा,
वळण, लिफ्ट, पुन्हा वळण,
दाराच्या चौकटीला त्याचं कोपर लागू द्यायचं नाही.
फक्त त्या गाडीवरची लोखंडी वजनं
मान वर करून विचारणार नाहीत,
"काही वाईट दिसलं का गं, पोरी?"

दुसरी लीड्सला.
तिथं काय करायचं ते त्याच दिवशी सकाळी सांगतात.
बारबेल निघेल, हातांवर उलटं चालणं निघेल,
"त्यातच तर मजा आहे," कॅलम म्हणतो.
कॅलम सव्वीस वर्षांचा आहे.
मी नाइट शिफ्टचा फोन उचलते,
तेवढी मजा मला पुरते.

तिसरी माळावर. चिखल, ओढा, काटेरी तारेखालून रांगणं.
वेळ कुणी मोजत नाही.
मध्ये आठ फुटांची लाकडी भिंत,
ओली झाली की मगरीच्या पाठीसारखी,
नाही, मगरीला निदान खवले असतात.
एकट्याने चढायची नाही, चढताच येत नाही.

सरावाला तशीच भिंत गिरणीमागे उभी केली.
ग्लेनिस खाली वाकली. बसची निवृत्त ड्रायव्हर,
माझ्या थोरल्या जावेच्या वयाची.
खांदा थोपटून म्हणाली, "ठेव पाय."

मी उभीच.
दप्तराला पाय लागला तरी
हात लावून कपाळाला नेणाऱ्या घरातली मी.
"बूट काढू का?"
"नको. तुझी नखं टोचतील."

ठेवला.
तिचा खांदा तसूभर हलला नाही.
फळीवर पोटावर लोंबकळले
वाळत घातलेल्या चादरीसारखी,
आणि पलीकडे धप्पकन पडले,
ते काही वर्णन करण्यासारखं नव्हतं.

वळसा घालून परत आले
तर बोटं आपोआप तिच्या खांद्याकडे गेली
आणि तिथून माझ्या कपाळाकडे.
"डोकं दुखतंय?" ग्लेनिसने विचारलं.
"थोडंसं," मी म्हटलं.
तिने पिशवीतून गोळी काढून दिली.
मी ती गिळलीसुद्धा.
घरी जाईपर्यंत कपाळावरचा चिखल
वाळून ताणत राहिला.

हेरंब म्हणतो, पहिलीच घे,
निदान फ्रिजवर लावायला प्रमाणपत्र मिळेल,
आणि गुडघ्यांचं काय, विचार केलायस?
केलाय.
गुडघ्यांनी आपलं मत जिन्यावरच दिलंय.

शनिवारी रात्री टेबलावर फॉर्म.
नाव, वय, रक्तगट, बुटाचा नंबर का, कोण जाणे.
शेवटी एक चौकोन:
काही झालं तर कुणाला कळवावं?
मी लिहिलं, ग्लेनिस.
मग लक्षात आलं,
तेव्हा ती तर माझ्या पायाखालीच असणार.

हेरंबचं नाव खाली बारीक अक्षरात घातलं.
तिचं खोडलं नाही.