आज किती फूट?

पावसाळ्यात अख्खी सांगली एकमेकांना हेच विचारते.
पेपरवाला, रिक्षावाला, बस्तीतले उपाध्ये,
सगळ्यांच्या तोंडी आयर्विन पुलाचा आकडा.
चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका.
आमच्या घरात हा प्रश्न बारमाही.
दिवा लावायच्या आधी धनपाल विचारतात,
"आज किती फूट?"
मी पांघरुणातच मूठ वळून बघते.
वळते का. अर्धी तरी.
"अडतीस," मी सांगते.

सात वर्षं झाली.
"कसं वाटतंय" म्हटलं की
आधी मी "बरंय" म्हणायचे, मग रडायचे,
मग नुसती चिडायचे.
एका रात्री बरणीचं झाकण निघेना
म्हणून बरणीच आपटली.
मेतकूट सगळ्या ओट्यावर.
हे सुपली घेऊन आले, बोलले काही नाहीत.
काचा भरून झाल्यावर म्हणाले,
पाणी किती चढलंय तेवढं सांगत जा.
तेव्हापासून.

मुल्लाणी डॉक्टर म्हणतात, शरीर स्वतःलाच परकं समजतं.
मला ते कोयनेसारखं वाटतं.
वर कुठे, कोण, कधी दार उचलतं
आपल्याला दिसत नाही.
इथलं आभाळ कोरडं असतं
आणि घाटाच्या पायऱ्या एकेक करून जातात.

रविवारी ती पिवळी गोळी.
सोमवारी भडंगसुद्धा भुसा लागतो.
मंगळवारी मी माणसात येते
म्हणून ब्लाउज मंगळवारी बेतायचे.
काज आणि हूक आता अंजुमकडे.
पहिले काही महिने मी तिच्या टाक्यांत चुका शोधल्या.
नव्हत्या.
त्या दिवशी सांधे नव्हे, दुसरंच काही दुखलं.
पाटणे वहिनी माप देता देता म्हणाल्या,
"दिसत तर नाही हो तुम्हाला काही झालेलं."
माझ्या तोंडात टाचण्या होत्या, बरं झालं.

चालायचं मात्र रोज.
"थांबलात की गंजाल, काकू," व्यायाम शिकवणारी तहसीन म्हणाली.
चोवीस वर्षांच्या पोरीला गंज काय ठाऊक,
असं मी मनात म्हटलं. पण चालले.
हरिपूरच्या रस्त्याला चिंचा आहेत.
बत्तीस असेल तर सातवी चिंच.
अडतीसला चौथी.
बेचाळीसला पहिलीच, पण तिच्या खोडाला हात लावायचा
आणि मगच परत. एवढाच नेम.
पंचेचाळीसच्या वर गेलं
तर खिडकीत उभी राहून चिंचांच्या दिशेला बघते.
खिडकीतून चिंचा दिसत नाहीत.
तरी तेही मी मोजते.

आमच्या भिंतीवर एकोणीस सालची रेघ आहे,
माझ्या खांद्याएवढी.
रंग काढला तेव्हा हे म्हणाले, घासून टाकू.
मी म्हटलं, राहू दे,
आषाढात ओल काही विचारून येत नाही,
तिला तिची जागा माहीत असते.

काल पहाटे ह्यांनी विचारलंच नाही.
खाटेच्या कडेला पाठ करून बसलेले,
हातात एकच मोजा.
मी सदतीस होते, तोंडापर्यंत आलेला आकडा गिळला.
आणि सात वर्षांत न सुचलेलं
एकदम सुचलं.
"तुमचं किती?"

ते मोज्याकडेच बघत राहिले.
"तीस."
मग बऱ्याच वेळाने,
"नाही. एक्केचाळीस असेल."

दूधवाला घंटी वाजवून निघून गेला.
आम्ही उठलो नाही.
मग मी वाकड्या बोटांनी खाटेखाली चाचपलं,
दुसरा मोजा सापडला, धुळीने माखलेला,
झटकून त्यांच्या मांडीवर ठेवला.
"पहिल्या चिंचेपर्यंत?"
"हात लावायचा," ते म्हणाले,
"आणि परत."