आडोसा : दोन गुण

डंडीत नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवे लावावे लागतात.
टे नदीवरचं धुकं खिडकीला गाल टेकून,
आणि माझ्यापुढे मलावीहून आलेल्या एकेचाळीस उत्तरपत्रिका.
विषय : परिचारिकेची व्यावसायिक नीती.
प्रश्न चौथा : रुग्णाचा आब कसा राखाल?
नमुना उत्तर मीच लिहिलंय.
पहिलीच ओळ : पडदा ओढून घ्यावा. गुण दोन.

चिसोमो म्वाले लिहिते :
आमच्या वॉर्डात पडदा नाही.
होता, तो बाळांच्या दुपट्यांसाठी फाडला.
खाटा बावीस, बायका चौतीस, काही खाटांखाली.
कुणाला भांडं द्यायचं असलं की
मी मोठ्यांदा म्हणते, "बायांनो, आंबा मोहरला का बघा."
खिडकीबाहेर झाड आहे.
सगळ्या तिकडे बघतात.
जिला मान वळवता येत नाही, ती डोळे मिटते.
मोहर जूनमध्ये येतो. मी वर्षभर विचारते.

लाल पेन हातात तसंच.
हिला दोन द्यावेत? शून्य?
मॉडरेटर गिलेस्पी सोमवारी विचारेल,
"शालन, निकषात कुठं बसतं हे?"
त्याचं चुकत नाही. निकष नसते
तर मी कुणाकुणाला आपलं माणूस म्हणून
गुण वाटले असते, देव जाणे.

आपलं माणूस.
कळंबच्या सरकारी दवाखान्यात, तेविसाव्या वर्षी,
मी एकाचा रिपोर्ट त्याच्या भावाला सांगितला.
भाऊ आमच्या आळीतला, डबा घेऊन यायचा,
"ताई, आपलंच घर समजा" म्हणायचा.
समजले.
दिवेलागणीपर्यंत रिपोर्ट पिठाच्या गिरणीत पोचला,
आणि रुग्णाला तो तिथून कळला.
त्यानं मला एवढंच विचारलं,
"सिस्टर, माझ्याआधी?"

पडदा होता तिथं. गोणपाटाचा, पण होता.
हातात मेणबत्ती धरून शपथही घेतली होती;
मेण मनगटावर सांडलं, तेवढंच आठवतं.

हे गाव एकेकाळी गोणपाटच विणायचं.
बंगालचा ताग इथं यायचा,
पोती होऊन जगभर जायचा.
आता गिरण्यांचे फ्लॅट झालेत, त्यातल्याच एकात मी राहते
आणि तिसऱ्या मजल्यावरून नीती शिकवते.

गेल्या महिन्यात गाठ दाखवायला इथल्या इस्पितळात गेले.
निळा पडदा, कडक घडीचा,
बदलायची तारीख छापलेला.
नर्सनं तो हलकेच ओढला. नियमाप्रमाणे.
मग माझं वय, माझी गाठ, कुठल्या बाजूची,
आणि तीनदा चुकवलेलं आडनाव
कापडातून आरपार वॉर्डभर गेलं.
शेजारच्या खाटेवरची म्हातारी अचानक खोकायला लागली,
जोरजोरात, खोटं खोटं,
डॉक्टरचं बोलणं संपेपर्यंत.
चहा आला तेव्हा म्हणाली,
"मला बाई हल्ली काही ऐकूच येत नाही."
आणि लगेच, मी न विचारता,
बिस्किटाचा पुडा पुढे केला.

दोन दिले.
कारणाच्या रकान्यात काय लिहू?
लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं.
'आंबा' एवढाच शब्द उरलाय, तो गिलेस्पीला कसा सांगणार?

गाठ साधी निघाली. हे इथं सांगायचं कारण नव्हतं.

पुढची उत्तरपत्रिका.
पडदा ओढून घ्यावा.
अक्षर सुरेख. खाली पट्टीनं रेघ.
पूर्ण दोन.