मागं पांढरं हवं

मनमाडला नळ येतो पंधरा-वीस दिवसांनी.
तो दिवस मंगळवारीच आला तर गोष्ट वेगळी,
नाहीतर मंगळवारी माझं दुकान बंद
आणि मी कातरवाडीच्या माळावर,
हडबीच्या शेंडीसमोर तिपाई रोवून.

आठवडाभर माणसांना सांगत असते,
मान सरळ. कान दिसू द्या. हसू नका.
पदर जरा मागं.
हा दगड यातलं सगळं न सांगता पाळतो.
तरी आठ वर्षांत
दोन फोटोंत एकसारखा आलेला नाही.

माघात त्याच्या पायाशी कुसळं पिवळी,
अंगावर थरांच्या रेघा,
कुणीतरी भाकरी एकावर एक रचत गेलं
आणि मध्येच उठून गेलं, अशा.
वैशाखात नुसता काळा.
उन्हानं आभाळ पांढरं पडतं तेव्हा,
अगदी नियमात बसेल असं.

नाशकाची पोरं दोर घेऊन येतात,
टोकावर चढून हात वर करतात.
मी तोवर भिंगाला झाकण लावून
पाणी पिते.

एकदा टंकाईच्या लेण्यांत गेले होते.
दारावरच्या बायांची तोंडं झिजलेली,
नाक नाही, डोळ्यांच्या जागी नुसती खोलगट सावली,
पण कमरेचा बाक शाबूत,
जणू आत्ताच कुणी हाक मारली आणि त्या वळल्या.
कुठल्याच कचेरीनं घेतला नसता त्यांचा अर्ज.
मी छत्तीस फोटो काढले.

झुंबर सानप माळावर शेरडं राखतो.
घड्याळ नाही त्याच्याकडं.
शेंडीची सावली बोरीला टेकली
की शेरडं वळवायची, एवढंच.
उजेडाचं जे मला पुस्तकातून शिकावं लागलं
ते तो तंबाखू मळता मळता सांगतो.
‘थांबा बाई, आत्ता नगं. आत्ता डोंगर झोपल्यालाय.’

निराधारच्या अर्जाला फोटो हवा म्हणून
तो एकदा दुकानात आला.
स्टुलावर बसला, टोपी मांडीवर,
दोन्ही हात टोपीवर.
डोळा मिटला नाही एकदाही.
प्रत हातात घेऊन बराच वेळ पाहिली.

‘मागं काय न्हाई?’
सरकारला असंच लागतं, म्हटलं.
‘मंग म्या उभा कुठं हाय?’

पैसे ठेवून गेला. फोटो तिथंच.

पुढच्या मंगळवारी पांढरी चादर नेली,
चार चिमटे, सुतळी.
एक टोक बाभळीला, एक माझ्या मोटरसायकलच्या आरशाला.
अंकाईच्या खिंडीतून वारा सुटला होता.
दूर दौंडकडची गाडी गेली, तिचा आवाज मागाहून आला.
पहिल्या फोटोत चादर त्याच्या तोंडावर.
दुसऱ्यात एक शेरडी, कोपरा चावत.
तिसऱ्याला चादर सगळीच वर उडाली
आणि मी बटण दाबून बसले.

डोक्यातून खांब उगवलेला दिसू नये,
हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात.
इथं त्याच्या टाळूतून
आख्खी हडबीची शेंडी वर निघालेली,
ताठ, काळी, आभाळापर्यंत.

छोट्या पडद्यावर त्यानं वाकून पाहिलं.
मग असा हसला की शेरडं चरायची थांबली.
‘हडबीची कसली? माझी म्हना आता!’

त्याच्या चार प्रती काढून दिल्या.
अर्जाला कुठला लावला, विचारलं नाही.
दुकानातला आधीचा फोटो
अजून गल्ल्याच्या काचेखाली आहे,
पांढऱ्यात, कुठंच नसलेला.

चादर धुऊन परत भिंतीला लावली.
शेरडीनं पाडलेलं भोक
गिऱ्हाइकाच्या डाव्या खांद्यावर येतं.
रोज कॉम्प्युटरवर बसून बुजवते.
कधी कधी
राहू देते.