खटका

तळ्याकाठी लाकडी मांडव. जुलैत तिथे
रात्री अकरालाही सूर्य बुडायचं नाव घेत नाही
आणि डास तिकीट न काढता आत येतात.
मी पंधरा वर्षांची, कॉफीच्या खिडकीत.
दालचिनीचे पाव मोजायचे, मोजता मोजता बघायचे :
या भिंतीला बायका, त्या भिंतीला पुरुष,
मधे बटाट्याचं पीठ भुरभुरलेली फळ्यांची जमीन.

वादकांच्या डोक्यावर काचेची पाटी होती.
निळा दिवा लागला की पुरुषांनी विचारायचं,
लाल लागला की बायकांनी.
निळा संध्याकाळभर.
लाल एकच तास, तोही
अध्यक्ष ऑर्वो कीविनेन यांच्या लक्षात राहिला तर.
खटका त्यांच्या खुर्चीमागे होता.

तिकिटांना साइमी बसायची.
दिवसा दुधाचा टँकर चालवायची, मनगटं तशीच.
कुणाचा तळवा घामट, कोण पाय तुडवतो,
कोण बाटली गाडीत ठेवून येतो,
कोणत्या बाईला तीन शनिवार कुणी विचारलेलं नाही,
सगळं पाठ.
मंडळाच्या वहीत तिचं नाव एकोणीस वर्षं एकाच ओळीत :
कॉफी व स्वच्छता.

त्या रात्री चूक माझी.
कॉफीच्या दोन किटल्या आणि वॉफलचा तवा
एकाच तारेवर लावला मी.
ठप्प.
अंधार नाही झाला, उन्हाळ्यात तिकडे होत नाही;
फक्त पाटी विझली,
आणि गायकाचा आवाज अचानक
त्याच्या स्वतःच्या घशाएवढा लहान झाला.

अध्यक्ष बॅटरी शोधायला गेले.
साइमी स्टुलावर चढली,
फ्यूज बदलला,
खाली उतरून लाल दाबला,
आणि खटक्याची बोंडी उपटून
एप्रनच्या खिशात टाकली.

"नियम आहे," अध्यक्ष म्हणाले.
"असू दे की," साइमी म्हणाली.
"बोंडी माझ्याकडे आहे."

आता सांगते ते कुणी सांगत नाही :
कुणीही हललं नाही.
एक अख्खा टँगो रिकाम्या जमिनीवरून निघून गेला.
लाल उजेडात बायका पर्सच्या कड्या उघडत होत्या,
मिटत होत्या.
तासाभराची मुभा वापरायची सवय होती,
रात्रभराची कुणाला होती?

मग वेन्ला उठली. एकाहत्तरची, गुडघ्याला पट्टा.
पूर्ण जमीन तिरकी ओलांडून
दाराशी गेली, जिथे पीटच्या खाणीतला तो आर्मास
अकरा वर्षं येऊन, तिकीट काढून,
कुणालाही न विचारता परत जायचा.
तिनं हात पुढे केला.
तो आधी मागे वळून पाहू लागला, कुणासाठी आहे हा हात.

त्यानंतर मला सगळं एकदम दिसलं नाही,
पाव संपत आले होते.
एवढं आठवतं की टपालातल्या दोघी बहिणींनी
एकमेकींनाच विचारलं
आणि छान नाचल्या, पुढे कोण, मागे कोण, कळू न देता.

अध्यक्षांना कुणी विचारलं नाही.
एक गाणं. दुसरं. पाचवं.
भिंतीला टेकून उभं कसं राहायचं,
हात कुठे ठेवायचे,
नजर कुठे, ते त्यांना येत नव्हतं.
आमच्याकडच्या बायांना हे सोळाव्या वर्षी येतं.
सातव्या गाण्याला ते माझ्या खिडकीत आले.
फडकं उचललं.
न बोलता कप पुसू लागले,
आणि एक फोडला.

साइमी त्यांच्याकडे गेली नाही.
मला वाटलं होतं, जाईल.
ती पैसे मोजत होती.

पुढच्या उन्हाळ्यापासून दोन गाणी निळी, दोन लाल.
कुणी ठराव मांडला नाही. कुणी विरोधही नाही.
आता मांडव मी चालवते,
बोंडी माझ्या किल्ल्यांत आहे,
आणि आजची पोरं पाटीकडे न बघताच
कुणीही कुणालाही विचारतात.
दिवे मी तरी लावते. सवय.

ती जुनी वही परवा सापडली.
तारखेखाली अध्यक्षांचं टोकदार अक्षर :
फ्यूज उडाला. दुरुस्त केला.
एक कप फुटला.
खर्च नाही.