नऊ बोटांचं क्लारनेट

मिरजेचा कारागीर म्हणाला,
वरचा सांधा बदलून टाकू, बाई,
ही कळ कुणा अडाण्यानं बसवलीय.
मी सांधा फडक्यात गुंडाळला
आणि चहाचे पैसे देऊन निपाणीची गाडी धरली.

अडाणी नव्हता. वासुदेव रायकर, शहापूरचा,
नथीत मोती बसवणारा हात त्याचा.

पण आधी कॅम्प.
घंटेच्या कडेला एकेचाळीस आकडा ठोकलाय,
म्हणजे पलटणीच्या बँडातला एकेचाळिसावा नग.
भंगारात काढलं तेव्हा कायतान फुर्तादनं
सात रुपयांना सोडवून नेलं,
अकरा वर्षं त्याच्याच ओठांत होतं म्हणून.
चर्चमागच्या खोलीत तो ते रोज पुसायचा,
वाजवायचा क्वचित. दात गेले होते.
हे आप्पा हसून सांगायचे, आणि मग हसत नसत.

गोकाकच्या गिरणीत भीमाप्पा भजंत्रीचं
डाव्या हाताचं बोट गेलं. करंगळीशेजारचं.
घराणं सनईचं; आजा देवळाच्या दारात वाजवता वाजवता गेलेला.
नऊ बोटांनी सनई धरली तर
एक भोक कायम उघडं, सूर सांडत राहतो.
फुर्ताद म्हणाला, सनईला कळ बसत नाही,
ह्याला बसते. घेऊन जा.
किंमत? कुणी म्हणतं एक पोतं जोंधळा,
कुणी म्हणतं फुकट. आप्पा दोन्ही सांगायचे.

रायकरानं मेसचा एक चमचा कापला.
दांड्याची कळ केली, स्प्रिंगला शिवणाची सुई,
झाकणाखाली शेळीचं पातळ कातडं.
मधलं बोट जरासं कलवलं की
तिसरं भोक मिटतं, पापणीसारखं.
कळीच्या पोटाशी वाकून बघितलंत तर
एक इंग्रजी अक्षर अर्धंच उरलंय.

बावीस वर्षं लग्नं वाजवली भीमाप्पानं.
इकडं अंतरपाट, तिकडं गट्टीमेळ,
दोन्हीकडं एकाच फुंकेची घाई.

पुढं सदोबा कंग्राळकर, नाटक कंपनीतला.
कंपनीची पेटी चढी,
तर यानं गळ्याजवळचा तुकडा कानशीनं
तांदळाच्या दाण्याइतका कमी केला.
तेव्हापासून हे कुठल्याच बँडशी धड जुळत नाही.
सुपारी घेताना आम्ही सांगूनच टाकतो.
सदोबानं संकेश्वरात गहाण ठेवलं
आणि सोडवायला आलाच नाही.
सावकाराच्या माळ्यावर तीन उन्हाळे.
लाकूड तडकलं.

आप्पांनी घेतलं ते तडकलेलंच.
आई विड्या वळायची. तिच्याच सुपातला दोरा
मेण लावून तिनं चिरेवर गुंडाळला,
चाळीस वेढे, विडीचं तोंड बांधावं तसे.
ओल धरली की अजून तंबाखूचा वास येतो.
आप्पा गेले. दोऱ्याला काही झालं नाही.

मला दहा बोटं आहेत. हीच अडचण.
जिथं माझं बोट टेकायला हवं
तिथं झाकण,
दुसऱ्या कुणाच्या नसलेल्या बोटाचं.
सुरुवातीला मी माझं बोट
सुतळीनं बांधून ठेवायची, परड्यात, पहाटे.

मिरजेला जायच्या आठवडाभर आधी
भीमाप्पाचा नातू आला होता, घटप्रभेहून, नुसतं बघायला.
हातात घेतलं. कळ दाबली, सोडली, दाबली.
दुरुस्तीला नेणार म्हटल्यावर
बराच वेळ काही बोलला नाही.
मग क्लारनेट माझ्या मांडीवर ठेवत,
"इरली बिडु, अक्का."
राहू दे, एवढंच.
मी तरी गेले मिरजेला. माणूस जातोच.

आता अनामिका आपोआप दुमडते.
परवा चिकोडीच्या लग्नात
नवरीची धाकटी बहीण अगदी जवळ येऊन उभी,
माझ्या हाताकडं बघत.
"तुमचं ते बोट कुठाय हो?"

गोकाकला, म्हटलं.
आणि पत्ती ओली करून ओठांत धरली.