पाच खांब

पहाटे सहाला अमरावतीहून बावीस सायकली निघाल्या.
पिवळं कार्ड, तीन शिक्के, साडेतेरा तास.
माझा नंबर सतरा.
दिवे तपासणाऱ्या पोरानं विचारलं, मॅडम, एकट्याच?
म्हटलं, कार्डावर एकच नाव मावते.

मी भूकरमापक. तालुक्याचे धुरे मोजते.
हातभर सरकलेल्या धुऱ्यापायी
एका ताटात जेवलेले भाऊ कोर्टात
वेगवेगळ्या बाकांवर बसतात, ते पाहिलंय.
पण दोनशे किलोमीटर
स्वतःच्या पायानं कधी मोजले नव्हते.

वलगाव गेलं, खोलापूर गेलं, कार्बनच्या सायकलीवाले
डॉक्टर इंगोले आणि मंडळी दिसेनाशी झाली.
दर्यापूरच्या पुढे झाडं विरळ झाली
आणि वारा सुरू झाला.

समोरून.
मळणीयंत्रातून उडालेलं हरभऱ्याचं कुटार
डोळ्यांत, दातांत, चेनमध्ये.
याचा ना गट नंबर, ना सातबारा,
ताबा मात्र साऱ्या शिवारावर.
मीटरवर अकराचा वेग. नंतर नऊ.

मोटारसायकलवरचा एक जण हळू होऊन सोबत चालू लागला.
"काहून वो बाई, गाडी नाई का घरी?"
आहे.
"मंग काई भेटते का याचं?"
नाही.
"मंग?"
तो गेला. ते 'मंग' राहिलं,
हँडलला अडकवलेल्या पिशवीसारखं हलत.

मग मागून ढोके आले.
आयटीआयचे रिटायर फिटर, वय अडुसष्ट,
लोखंडी सायकल, तिला तीन गिअर,
त्यातला एक चालत नाही म्हणाले.
"मांगं या. चाकाले चाक नका लावू, पण मांगं या."
आणि पुढे होऊन वारा अंगावर घेतला.

एखाद्याच्या पाठीकडे इतका वेळ
मी कधी पाहिलं नव्हतं.
उजव्या खांद्याखाली उसवलेली शिवण, वीतभर.
कमरेच्या वर ग्रीसचा डाग.
घाम वाळून मिठाच्या पांढऱ्या रेषा,
या खारपाणपट्ट्यात
विहिरीचं पाणी दिलेल्या वावरावर उमटतात तशा.
नकाशाच तो. मी हद्दी पाठ केल्या.

ठरलं असं: विजेचे पाच खांब ते पुढे, पाच खांब मी.
माझ्या पाळीला ते मागून मोठ्यानं मोजत,
एक, दोन, तीन,
आणि तीननंतर एकदम पाच.
मोजणीत खोट.
नोकरीच्या एकवीस वर्षांत पहिल्यांदा
मी हरकत नोंदवली नाही.

अकोटला रौनकभाईंच्या हॉटेलात
आलुबोंडा, वर तर्री, कार्डावर शिक्का.
शिक्क्यावर तारीख कालची.
ढोके हसले, "म्हणजे आपण वेळेच्या आधी पोचलो."
सगळे म्हणत होते, आता काय, परतीला वारा पाठीशी.

वारा अकोटलाच थांबला.
पानही हलेना.
दिवसभर ज्याच्याशी भांडलो
तो संध्याकाळी आपल्या घरी निघून गेला,
आणि आमच्या अंगात भांडण तेवढं उरलं.
पिंडऱ्यांत गोळे. कडेला बसून मीठ-साखरेचं पाणी.
ढोक्यांची चेन एकदा उतरली,
त्यांनी ती अंधारात, न पाहता चढवली.

अमरावतीत पोचलो तेव्हा सात वाजून एक्केचाळीस.
साडेसातची हद्द.
पोरानं घड्याळ पाहिलं, मग आमच्याकडे,
मग उगाचच पुन्हा घड्याळ.
ढोक्यांनी त्याला पाणी मागितलं.

पण सांगायचं ते हे नाही.
खोलापूरच्या अलीकडे, वारा मेलेला,
रस्ता रिकामा, दोन गाड्या शेजारी चालतील एवढा,
आडोशाची काही गरज नव्हती.
त्यांनी पाच खांब ओढले. बाजूला झाले.
मी पुढे गेले. मागून आवाज:
एक.
दोन.
या वेळी त्यांनी चारही म्हटलं.