शेरा

जिन्याखाली खोली आहे माझी.
आधी तिथे खिचडीचे टोप असायचे,
त्याआधी मोडके बाक.
दारावर कुणीतरी खडूनं लिहिलंय, समुपदेशन कक्ष,
त्यातला उकार पुसला गेलाय.
पाचवीतल्या एकीनं विचारलं,
बाई, इथे सम, तर विषमवाल्यांनी कुठे जायचं?

सोमवार, बुधवार, शुक्रवार मी मानखुर्दला,
उरलेले दोन दिवस चित्ता कॅम्पच्या शाळेत.
अकरा महिन्यांचा करार.
बाराव्या महिन्यात मी कुणाचीच बाई नसते.

ऑगस्टात चिठ्ठी आली, हातात चिठ्ठी घेऊन मुलगा आला :
सुमेध घायवट, सातवी ब.
वर्गात झोपतो. उद्धट आहे. समज द्यावी.
त्याच्या नखांत लसणाची सालं होती.
मी पुस्तकात शिकले होते तसं, सोप्यापासून सुरू केलं,
घरी कोण कोण असतं रे?
तो म्हणाला,
रात्रीचं विचारताय की दिवसाचं?

मग कळलं. एक खोली, आठ माणसं,
आणि झोपेच्या पाळ्या.
काका अडीचला ड्युटीवरून येतो,
ती वाकळ तेव्हापासून काकाची.
सुमेध उठतो, बाहेर पायरीवर बसतो
म्युन्सिपाल्टीच्या दिव्याखाली,
सकाळी द्यायचा लसूण सोलत.
साडेचारला पाणी येतं.
हे सगळं त्यानं असं सांगितलं
जसं कुणी वेळापत्रक वाचून दाखवावं.

माझ्याकडे एक तक्ता आहे, लॅमिनेट केलेला,
सहा गोल चेहरे, आज तुला कसं वाटतंय?
त्यानं बोट ठेवलं
'दुःखी' आणि 'शांत' यांच्या मधल्या कोऱ्या जागेवर
आणि तिथेच त्याचं डोकं आलं,
हळू,
पिशवी खाली ठेवावी तसं.

मी पंखा लावला.
बाहेर येऊन पायरीवर बसले.
पीटीचे सर कॅरमच्या सोंगट्या न्यायला आले.
म्हटलं, आत सेशन चालू आहे.

शुक्रवारी गेले त्याच्या घरी.
आईनं बादली पालथी घातली माझ्यासाठी,
मी टेकायच्या आतच विचारलं,
तक्रार हाय का बाई?
नाही म्हटलं.
मंग कशाला आलात?
याचं उत्तर पदवीच्या दोन्ही वर्षांत नव्हतं.
मी लसूण सोलायला घेतला.
रात्रभर बोटं चुरचुरत होती.

विहाराची अभ्यासिका नऊला बंद व्हायची.
किल्ली ढोबळेकाकांकडे.
झोपायला देता येणार नाही, ते म्हणाले, ठराव नाही तसा.
अभ्यासाला?
अभ्यासाला देऊ की. रात्रभर बसू दे.
आणि वाचता वाचता डोळा लागला तर?
काकांनी चष्मा काढला, पुसला,
पुन्हा घातला, पुन्हा काढला.
तर मी काय करणार, म्हणाले.

सगळं काही असं जुळत नाही, हेही सांगते.
आठवीतली नाझनीन ऑक्टोबरात गावी गेली ती गेलीच.
तिच्या फाइलवर अजून मी शेरा लिहिलेला नाही,
रकाना अर्ध्या इंचाचा आहे.

सुमेधच्या फाइलवर लिहिलं होतं :
समुपदेशन, चाळीस मिनिटे.
पर्यवेक्षक आले तेव्हा विचारलं त्यांनी,
कोणती पद्धत वापरली?
मी म्हटलं, ऐकण्याची.
तो थोडा घोरत होता, हे नाही सांगितलं.

मार्चमध्ये त्याच वर्गावरून दुसरी चिठ्ठी आली,
तेच अक्षर, तीच लाल शाई :
घायवट तासाला सारखे प्रश्न विचारतो.
उद्धट आहे. समज द्यावी.
ती मी टाचणीनं लावली
निष्पत्तीच्या रकान्यात.

एकतीस तारखेला कपाट लावलं, तक्ता पुसला.
मधला डाग गेला नाही, राहू दिला.
किल्ली शिपाईमामांच्या हातावर ठेवताना म्हटलं,
जूनमध्ये मी असेन नसेन.
कुणी आलंच, तर पंखा दोनवर लावा.
तीनवर आवाज करतो.